एकट्याने चालणारा प्रोग्रॅम अचानक बंद का पडतो?

मी जबलपूरच्या खमरियाहून बोलते आहे. व्हिडिओत ज्या गोष्टी मी पडद्यावर दाखवल्या होत्या, त्या इथे शब्दांत सांगते. वाचताना कॉम्प्युटर शेजारी असेल तर उत्तम.

ज्यांना खमरिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे आयुध निर्माणी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली. तिच्याभोवती क्वार्टर्स आणि पलीकडे रांझीचा बाजार. अंबाझरी, भंडारा, वरणगाव, खडकी अशा निर्माण्यांमधून बदली होऊन आलेली मराठी कुटुंबं इथे भेटतात. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, बाजार हिंदी, शेजार हिंदी. मग मुलांना मराठी यावं म्हणून आईवडील महाराष्ट्रातून येताना सीडी आणायचे. बाराखडी, बालगीतं, चित्रांच्या गोष्टी. लग्नामुंजीचे अल्बमसुद्धा तेव्हा स्टुडिओवाले सीडीवर द्यायचे. डबल क्लिक करा, गाणं सुरू, फोटो फिरायला लागतात. इंटरनेट नको, वेगळा प्लेअर नको.

अशा प्रोग्रॅमना स्टँडअलोन मल्टिमीडिया ॲप्लिकेशन म्हणतात. आपण एकट्याने चालणारा प्रोग्रॅम म्हणू. जुन्या कॉम्प्युटरची दुरुस्ती आणि अडकलेल्या फायली सोडवणं हा माझा उद्योग. माझ्याकडे येणारी सगळ्यात नेहमीची तक्रार एकच: "ताई, उघडतो आणि लगेच बंद होतो. काही सांगतही नाही."

आजचा विषय तोच. आणि पूर्ण भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: एकट्याने चालणारा प्रोग्रॅम खरं तर कधीच एकटा नसतो.

सोबत काय आणलं, उसनं काय घेतलं

पाहुणा मुक्कामाला येतो तेव्हा कपडे स्वतःचे आणतो, पण पाणी, वीज, अंथरूण-पांघरूण आपल्या घरचं वापरतो. प्रोग्रॅमचंही तसंच. चित्रं, आवाज, बटणं तो स्वतःसोबत आणतो. बाकीचं तो तुमच्या कॉम्प्युटरकडून उसनं घेतो. काय काय, ते पाहा.

एक, पडद्यावर चित्र काढायला ग्राफिक्स ड्रायव्हर. दोन, व्हिडिओ आणि आवाज उलगडायला कोडेक. तीन, प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला त्या भाषेची रनटाइम लायब्ररी. चार, तात्पुरत्या फायली ठेवायला जागा आणि तिथे लिहिण्याची परवानगी. पाच, स्वतःच्याच फायली शोधायला नीट वाचता येईल असा पत्ता, म्हणजे फोल्डरचा मार्ग.

यातली एखादी उसनवारी फसली, आणि "ती फसली तर काय करायचं" हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सांगून ठेवलेलं नसलं, की प्रोग्रॅम कोसळतो. बनवणाऱ्याच्या टेबलावर तो उत्तम चालत होता, कारण तिथे पाचही गोष्टी हजर होत्या. म्हणून प्रश्न "प्रोग्रॅम खराब आहे की कॉम्प्युटर?" असा विचारायचा नसतो. बहुतेक वेळा दोन्ही ठीकच असतात. त्यांच्यातला कोणता व्यवहार फसला, हे शोधायचं असतं.

१९९४चा नाताळ

हे दुखणं नवं नाही. १९९४च्या नाताळात डिस्नेने 'लायन किंग'ची चित्रकथा सीडीवर आणली. अमेरिकेत घरोघरी मुलांना ती भेट मिळाली. त्याच नाताळात कॉम्पॅकचे प्रेसारिओ हे कॉम्प्युटरही अनेक घरांत नवेच आले होते. सीडी मायक्रोसॉफ्टच्या 'विन-जी' नावाच्या ग्राफिक्स लायब्ररीवर चालायची, आणि त्या कॉम्प्युटरमधल्या व्हिडिओ ड्रायव्हरशी तिचं जुळेना. विन-जीबरोबर त्या ड्रायव्हरची तपासणीच झालेली नव्हती. मुलं नाताळच्या सकाळी सीडी घालून बसली आणि कॉम्प्युटर कोसळले. डिस्नेच्या मदत-फोनवर संतापलेल्या पालकांची रांग लागली.

चूक चित्रकथेच्या गोष्टीत नव्हती आणि नुसत्या कॉम्प्युटरमध्येही नव्हती. ती मधल्या उसनवारीत होती. या प्रकरणातून मायक्रोसॉफ्टमधल्या काही जणांचा आग्रह आणखी पक्का झाला, की प्रोग्रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये एक नीट ठरलेला पूल हवा. १९९५च्या सप्टेंबरमध्ये डायरेक्ट-एक्सची पहिली आवृत्ती आली. आज विंडोजवर आपण जे खेळ आणि ॲनिमेशन पाहतो, त्यातलं पुष्कळसं त्याच पुलावरून येतं.

आधी प्रश्न, मग उपाय

लोक सगळ्यात आधी काय करतात? प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकतात. मग अँटिव्हायरस बंद करतात. मग विंडोजच नवीन टाकतात. यात एखादं दुखणं बरं होतं, पण कशामुळे झालं ते कळत नाही. शिवाय फायली जातात त्या वेगळ्याच. म्हणून आधी चार प्रश्न विचारा.

पहिला: कधी बंद पडतो? डबल क्लिक केल्या केल्या, पहिलं चित्र आल्यावर, व्हिडिओ सुरू होताना, की वीस मिनिटांनी? उघडताच बंद पडला तर लायब्ररी गायब असण्याची शक्यता जास्त. व्हिडिओच्या जागी पडला तर कोडेक किंवा ग्राफिक्स. वीस मिनिटांनी पडला तर मेमरी हळूहळू भरत असेल किंवा मशीन तापत असेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पंख्यात धूळ अडकलेला लॅपटॉप तेव्हा कोणत्याही प्रोग्रॅमला दगा देतो.

दुसरा: दर वेळी त्याच जागी पडतो का? त्याच जागी पडला तर ती विशिष्ट फाइल किंवा ते विशिष्ट काम बघायचं. दर वेळी वेगळ्या जागी पडला तर मेमरी, उष्णता किंवा ड्रायव्हर बघायचा. मेमरीसाठी विंडोजमध्येच 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' आहे. ती रात्री लावून ठेवा.

तिसरा: पूर्वी चालत होता का, आणि मध्ये काय बदललं? विंडोजचं अपडेट, नवा अँटिव्हायरस, नवा मॉनिटर, की फक्त फोल्डरची जागा? "काहीच बदललं नाही" या उत्तरावर विश्वास ठेवू नका. काहीतरी बदललेलं असतं, फक्त ते बदल वाटत नाही.

चौथा: दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालतो का? शेजाऱ्याकडे चालला, तर प्रोग्रॅमची प्रत चांगली आहे हे कळलं. अर्धं काम झालं.

सीडी असेल तर आणखी एक परीक्षा. सीडीतलं सगळं आधी हार्डडिस्कवर कॉपी करा. कॉपी एखाद्या फाइलवर अडकली, तर दोष प्रोग्रॅमचा नाही, सीडीचा आहे. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर वर्षांनुवर्षं उन्हात, दमटपणात खराब होतो. अशी सीडी पुसून, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी कधीकधी दुसऱ्याला वाचता येते.

प्रोग्रॅमचा जबाब

प्रोग्रॅम मुकाट्याने बंद झाला असं वाटतं, पण विंडोजने त्याचा जबाब नोंदवलेला असतो. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करा, 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'ॲप्लिकेशन'. प्रोग्रॅम ज्या वेळी पडला त्या वेळची लाल खुणेची नोंद शोधा. तिचा क्रमांक बहुतेक १००० असतो. हे किचकट वाटलं तर शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाका. तिथे तारखेनुसार तेच सोप्या रूपात दिसतं.

त्या नोंदीत दोन गोष्टी महत्त्वाच्या: 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे कोणत्या फाइलमध्ये असताना प्रोग्रॅम कोसळला, आणि 'एक्सेप्शन कोड', म्हणजे कशामुळे.

कोडची सुरुवात शून्य-एक्सने होते, तेवढं सोडून पुढचं वाचा. 'सी००००१३५' असेल तर एखादी लायब्ररी सापडलीच नाही. 'सी०००००७बी' असेल तर बहुधा ३२ बिट आणि ६४ बिट यांची सरमिसळ झाली आहे. 'सी००००००५' हा सगळ्यात जास्त भेटणारा. मेमरीतल्या ज्या जागेवर हक्क नाही तिथे प्रोग्रॅमने हात घातला. हा कोड एकटा फार काही सांगत नाही, म्हणून त्याच्याबरोबर मॉड्यूलचं नाव वाचायचंच.

मॉड्यूलच्या नावाची सुरुवात इंग्रजी एन-व्ही या अक्षरांनी असेल तर बहुधा एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, ए-टी-आय असेल तर एएमडीचा, आय-जी असेल तर इंटेलचा. नाव 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' असेल तर घाई करू नका. त्या विंडोजच्या स्वतःच्या फायली आहेत आणि बहुतेक वेळा निर्दोष असतात. अपघात ज्या चौकात झाला, त्या चौकाला आपण दोष देत नाही.

एकेक उसनवारी तपासू

आता उपाय. नियम एकच: एका वेळी एकच बदल करा, आणि काय केलं ते वहीत लिहा.

लायब्ररी. "अमुक डीएलएल सापडली नाही" असा संदेश आला, की लोक तेवढंच नाव इंटरनेटवर शोधून कुठल्यातरी साइटवरून ती एक फाइल उतरवतात. हे करू नका. ती फाइल चुकीच्या आवृत्तीची असू शकते, तिच्यात व्हायरस असू शकतो. नावात 'एमएसव्हीसी' किंवा 'व्हीसीरनटाइम' असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' घ्या. नाव 'डी३डीएक्स९' असं सुरू होत असेल तर जून २०१०चं डायरेक्ट-एक्स रनटाइमचं पॅकेज लागेल. विंडोज ११ वरही ते वेगळं टाकावं लागतं, कारण या जुन्या फायली विंडोजबरोबर येत नाहीत. आणि एक खाच: तुमचं विंडोज ६४ बिट असलं, तरी प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर त्याला ३२ बिटचीच लायब्ररी हवी. दोन्ही टाकून ठेवली तरी बिघडत नाही.

ग्राफिक्स. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. पडदा दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका. दोन ग्राफिक्स कार्डांचा लॅपटॉप असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या प्रोग्रॅमला दुसरं कार्ड देऊन पाहा. खूप जुना प्रोग्रॅम असेल तर त्याच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कॉम्पॅटिबिलिटी' उघडा. तिथे २५६ रंग आणि ६४० बाय ४८० असे पर्याय असतात. नव्वदीच्या दशकातल्या बऱ्याच सीडी त्याच मापाने शिवलेल्या आहेत.

कोडेक. व्हिडिओच्या जागी पडत असेल तर सीडीतला तोच व्हिडिओ व्हीएलसीमध्ये उघडून पाहा. तिथे चालला तर फाइल ठीक, कोडेक नाही. जुन्या बऱ्याच सीडींना विंडोजवरचं ॲपलचं क्विकटाइम लागायचं. ॲपलने २०१६ मध्ये त्याचा पाठिंबा थांबवला आणि त्यातल्या सुरक्षेच्या छिद्रांमुळे ते काढून टाकण्याचा सल्ला अमेरिकी सरकारच्या सायबर पथकानेच दिला. त्यामुळे रोजच्या कॉम्प्युटरवर ते पुन्हा टाकू नका. परदेशातल्या मराठी घरांसाठी एक वेगळी सूचना. युरोपियन आयोगाच्या २००४च्या निर्णयानंतर विंडोजची 'एन' नावाची आवृत्ती निघाली, जिच्यात मीडिया प्लेअर आणि त्याचे भाग नसतात. जर्मनीतल्या नातवाला पाठवलेला बालगीतांचा प्रोग्रॅम तिथे पडत असेल, तर आधी विंडोजच्या नावामागे 'एन' आहे का बघा. असेल तर 'मीडिया फीचर पॅक' टाकायचा.

परवानगी. जुने प्रोग्रॅम स्वतःच्याच फोल्डरमध्ये गुण, सेटिंग, नोंदी लिहायचे. विंडोज व्हिस्टापासून 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असं लिहायला आडकाठी आली. उपाय म्हणजे प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर साध्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज सिक्युरिटीत 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये लिहिणंही अडतं. तिथे त्या एका प्रोग्रॅमला परवानगी देता येते. अँटिव्हायरस पूर्ण बंद करण्याची गरज नसते. फाइल कुठून आली हे माहीत असेल तर तेवढ्या फाइलला सूट द्या. ऑनलाइन तपासणीच्या साइटवर फाइल टाकण्याआधी मात्र विचार करा. घरचे फोटो आत असलेला अल्बम तिथे चढवणं म्हणजे तो अनोळखी लोकांच्या हाती देणं.

मराठी नावाचं फोल्डर

पाचवी उसनवारी पत्त्याची. ती आपल्या भाषेशी जोडलेली आहे आणि इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, म्हणून उदाहरणासह सांगते.

निर्माणीतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आले. मुलीच्या लग्नाचा अल्बम सीडीवर होता, २००५ सालचा. त्यात काकूंनी स्वतः म्हटलेली मंगलाष्टकं होती. काकू आता नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच ध्वनिमुद्रित नव्हता. नव्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नाही, म्हणून नातवाने मित्राकडे सीडी कॉपी करून सगळं डेस्कटॉपवर ठेवलं होतं. प्रोग्रॅम उघडायचा, गणपतीचं चित्र यायचं, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या क्षणी सगळं बंद. बाजारात कुणीतरी सांगितलं होतं, "फाइल करप्ट हो गई है, अब कुछ नहीं होगा."

मी आधी आवाजाची फाइल शोधली. ती अल्बमच्या फोल्डरमध्येच वेगळी होती आणि व्हीएलसीमध्ये वाजली. म्हणजे आवाज शाबूत. तिची प्रत लगेच दोन ठिकाणी ठेवली. मग जबाब वाचला: कोड 'सी००००००५', मॉड्यूल म्हणून अल्बमचंच नाव. दर वेळी तीच जागा. आणि फोल्डरचं नाव नातवाने प्रेमाने ठेवलेलं: 'आईबाबांचं लग्न'. देवनागरीत.

तिथेच उत्तर होतं. युनिकोड न वापरणारे जुने प्रोग्रॅम फायलींची नावं सिस्टिमच्या जुन्या पद्धतीच्या कोड पेजमधून वाचतात. रशियन, ग्रीक, जपानी अशा लिप्यांना विंडोजमध्ये असं कोड पेज मिळालं. देवनागरीला मिळालं नाही. विंडोज २००० पासून हिंदी-मराठी आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे अशा प्रोग्रॅमला 'आईबाबांचं लग्न' हे नाव नुसती प्रश्नचिन्हांची माळ म्हणून दिसतं. त्या पत्त्यावर तो आवाजाची फाइल मागतो, ती मिळत नाही. मिळाली नाही तर काय करायचं हे लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही, आणि तो रिकाम्या हाताने पुढे जाऊन कोसळतो. गणपतीचं चित्र दिसायचं, कारण ते प्रोग्रॅमच्या पोटातच होतं. सीडीवरून चालायचा, कारण तिथे पत्ता फक्त ड्राइव्हचं अक्षर होता.

फोल्डर सी ड्राइव्हवर नेलं, नाव रोमन लिपीत 'अल्बम' केलं. पुढच्या डबल क्लिकला मंगलाष्टकं सुरू झाली. काका शेवटपर्यंत ऐकत बसले, मध्ये कुणी काही बोललं नाही.

तुमच्याकडे विंडोजच्या युजरचंच नाव देवनागरीत असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स दोन्हींच्या मार्गात ते नाव येतं. तिथे अकाउंटचं नुसतं दिसणारं नाव बदलून उपयोग होत नाही, फोल्डर तेच राहतं. रोमन नावाचं नवं अकाउंट बनवून पाहा. मराठीत फोल्डर ठेवू नका असं मी म्हणत नाही. नवे, नीट लिहिलेले प्रोग्रॅम देवनागरी व्यवस्थित वाचतात. जुन्यांसाठी मात्र एक रोमन नावाचं घर ठेवा.

एक फरक लक्षात घ्या. प्रोग्रॅम चालतो, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, तेव्हा तो क्रॅश नाही. शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर लिहिलेला असतो आणि तो फाँट तुमच्याकडे नसतो. सीडीतच फाँटचं फोल्डर असेल तर तिथून तो बसवा.

जिथे प्रोग्रॅम परत येणार नाही

काही वेळा उसनं देणारा सावकारच गाव सोडून गेलेला असतो. १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. नव्वदीच्या दशकातल्या कित्येक सीडींमध्ये आतला प्रोग्रॅम ३२ बिटचा, पण तो बसवणारा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो. तिथे इन्स्टॉलर सोडून फायली थेट कॉपी केल्या तर कधीकधी काम भागतं. नाहीतर व्हर्च्युअल बॉक्ससारख्या आभासी मशीनमध्ये जुनं विंडोज टाकायचं. तिला इंटरनेटपासून तोडूनच ठेवायचं. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद झाले.

फ्लॅशचा पाठिंबा अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमधलं फ्लॅश अडवलं. पण फ्लॅशमधून बनवलेल्या एकट्या प्रोग्रॅमच्या पोटात प्लेअर असतो, त्यामुळे तो अनेकदा अजूनही चालतो. नुसती एसडब्ल्यूएफ फाइल असेल तर 'रफल' नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरून पाहा. डायरेक्टर हे सीडींचं एके काळचं लाडकं साधन. त्याची विक्री अडोबीने २०१७ मध्ये थांबवली.

अशा वेळी स्वतःला विचारा: मला प्रोग्रॅम वाचवायचा आहे की आतली वस्तू? लग्नाच्या अल्बममध्ये फोटो आणि आवाज महत्त्वाचे, फिरणारी फुलं नाहीत. फोल्डरमध्ये फोटो आणि आवाजाच्या फायली वेगळ्या असतील तर त्या उचला. सगळं पोटातच असेल, तर जिथे कुठे तो एकदा चालेल तिथे पडदा आणि आवाज रेकॉर्ड करून साधा व्हिडिओ बनवा. आणि हे सगळं करण्याआधी मूळ सीडीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, बनवून ठेवा. आज न उघडलेली वस्तू उद्या उघडू शकते. फेकून दिलेली सीडी परत येत नाही.

बनवणाऱ्यांसाठी दोन शब्द

तुमच्यापैकी काही जण शाळांसाठी, मंडळांसाठी असे प्रोग्रॅम बनवता. तुमच्या कॉम्प्युटरवर सगळी साधनं बसलेली असतात, त्यामुळे तिथली चाचणी ही चाचणीच नाही. नुकतंच विंडोज टाकलेलं, बाकी काहीही नसलेलं मशीन घ्या आणि त्यावर चालवा. युजरचं नाव मुद्दाम देवनागरीत ठेवून चालवा. साधा, ॲडमिन नसलेला युजर बनवून चालवा. लागणाऱ्या लायब्ररी इन्स्टॉलरमध्येच द्या. फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅमने मराठीत सांगावं, "अमुक फाइल अमुक जागी मिळाली नाही." हे एक वाक्य वापरणाऱ्याचे चार दिवस वाचवतं. आणि एक छोटी नोंदवही, म्हणजे लॉग फाइल, लिहीत राहा. युनिटीमध्ये बनवलेले प्रोग्रॅम अशी 'प्लेअर लॉग' आपोआप ठेवतात, ती कुठे असते हे वापरणाऱ्याला सांगून ठेवा.

आणि वापरणाऱ्यांनो, बनवणाऱ्याला कळवताना नुसतं "चालत नाही" असं लिहू नका. विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स कार्डाचं नाव, नेमक्या कोणत्या क्षणी पडतो, दर वेळी पडतो का, आणि इव्हेंट व्ह्यूअरमधलं मॉड्यूल व कोड, एवढं लिहा. पाच ओळी पुरतात. मराठीत असे प्रोग्रॅम बनवणारे बरेचदा एकेकटे काम करणारे असतात. त्यांच्याकडे प्रत्येक प्रकारचा कॉम्प्युटर नसतो. तुमच्या पाच ओळी म्हणजे त्यांच्यासाठी न पाहिलेल्या मशीनची खिडकी असते.

या आठवड्याचं घरकाम सोपं आहे. कपाटातल्या सीडी बाहेर काढा, ड्राइव्ह असलेलं एखादं मशीन गाठा आणि प्रत्येकीची एक प्रत हार्डडिस्कवर घ्या. प्रोग्रॅम चालो न चालो, प्रत आधी. पुढच्या भागात जुन्या ऑडिओ कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर कसा घ्यायचा ते पाहू. तोवर नमस्कार.